‘पियानो’ म्हणजे ‘पट्ट्यांचं वाद्य’ नव्हे

इटालियन भाषेत ‘पियानो’चा अर्थ ‘पट्ट्यांचं वाद्य’ आहे, असा एक संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ‘पियानो’ म्हणजे हळू आवाजात. मूळ लॅटिन ‘प्लानुस’, म्हणजे सपाट. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच. फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या दरबारातल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यं बनवणाऱ्या कारागिराने छेडण्याऐवजी तारेवर छोटी हातोडी आपटवली आणि बोटाच्या जोरानुसार आवाज लहानमोठा होऊ लागला. १७०० सालच्या दरबारी यादीत या वाद्याची ओळखच ‘पियानो आणि फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात वाजणारं, अशी आहे. पुढे ‘पियानोफोर्ते’ झालं, इंग्रजीत ‘फोर्ते’ गळलं. दोन्ही टोकं गाठणाऱ्या वाद्याचं नाव अर्धंच उरलं, याची मला खरंच हळहळ वाटते. इटालियनमध्ये पूर्ण नाव आजही वापरात आहे.