‘सकारात्मक बोला, देवाला द्यावंच लागेल’ : एका फॉरवर्डला उत्तर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं : सकारात्मक विचार ही मुळात बायबलचीच शिकवण. मनात धराल आणि तोंडाने घोषित कराल ते देवाला द्यावंच लागतं. आजार किंवा कर्ज हटत नसेल, तर तुमच्याच विचारांत खोट आहे. पुराव्याला चार वचनं, आणि खाली ‘आमेन लिहून दहा जणांना पाठवा’. पाठवणाऱ्यांनी ती वचनं उघडून पाहिली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

नीतिसूत्रे 23:7. ‘माणूस मनात विचार करतो तसाच तो असतो.’ याचा निकाल झटपट लागतो. मागचीपुढची ओळ वाचा. तिथे कंजूष यजमानाची गोष्ट चालली आहे. तोंडाने ‘खा, पी’ म्हणतो, पण मनातून त्याला घासाघासाला जड जातं; अशाकडे जेवायला जाऊ नको, एवढंच सांगणं आहे. यशाचं सूत्र त्यात कुठून आलं, ते मजकूर लिहिणाराच जाणे.

फिलिप्पैकरांस 4:13. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो.’ हे वचन दहावीच्या पोरांच्या कंपासपेटीत असतं, दुकानाच्या गल्ल्यावरही असतं. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्रात ते लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता, आणि आदल्याच ओळीत तो म्हणतो की भरपूर असताना कसं राहावं आणि उपाशी कसं राहावं, दोन्ही मी शिकलो आहे. म्हणजे त्याच्या ‘सर्वकाही’त उपासही आला. त्याच अध्यायात कशाचं मनन करावं याची यादी आहे, आणि तिची सुरुवात ‘जे काही सत्य’ इथून होते. डॉक्टरांचा रिपोर्ट सत्य असेल, तर तो नाकारायला पौल सांगत नाही.

यिर्मया 29:11 इथे जरा थांबावं लागेल. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ हे वाक्य यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याआधीच्या ओळीत मुदत दिली आहे : सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परक्या मातीतच मरणार होते. त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा. आणि गंमत पाहा, अगदी मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. तो मंदिरात सगळ्यांसमोर ठणकावून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो मोडूनही टाकतो. लोकांना काय आवडलं असेल ते सांगायला नको. यिर्मया त्याला म्हणाला, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस. हनन्या त्याच वर्षी मेला. आजचा मजकूर यिर्मयाचं वचन घेऊन हनन्याचा संदेश देतो आहे.

चौथं, मार्क 11:24 : प्रार्थनेत जे मागाल ते मिळालं आहे असा विश्वास धरा. हे येशूचं वचन आहे, त्याला बगल देता येणार नाही. पण तीनच अध्यायांनंतर तोच येशू गेथशेमाने बागेत ‘माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे’ असं शिष्यांसमोर उघड बोलतो. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, दूर कर म्हणून मागतो, आणि पुढे जोडतो : तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला दूर झाला नाही. फॉरवर्डच्या मापाने मोजलं तर ही प्रार्थना नकारात्मकच ठरेल. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते आपल्या बायबलात आहे.

मग ही शिकवण आली कुठून? मनाच्या जोरावर रोग हटवण्याची कल्पना 19व्या शतकात अमेरिकेतल्या ‘न्यू थॉट’ चळवळीने पसरवली. पुढे न्यूयॉर्कचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी 1952च्या आपल्या पुस्तकातून सकारात्मक विचार घरोघरी नेला. विश्वास कोणावर, हा प्रश्न त्यात मागे पडतो आणि विश्वास किती जोरात, एवढाच उरतो.

याचा जाच सगळ्यात जास्त आजाऱ्याला होतो. भेटायला आलेली बाई मांडीवर बायबल घेऊन खाटेशी बसते. आजारी बाई म्हणते, ‘फार दुखतंय गं.’ लगेच तिच्या तोंडावर हात : ‘असं बोलू नका ताई, बरी झाले म्हणा.’ त्यानंतर ती आजारी बाई कोणालाच काही सांगत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, नवरा गेला आणि 1921 साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, जाऊन कोणी म्हणून दाखवावं की बाईंचा विश्वास कमी पडला.

मजकुरात शेवटी एक ओळ आहे, ‘औषध म्हणजे शंका’. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडलं. तरुण सहकारी तीमथ्याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि लूक वैद्याला तो प्रिय म्हणतो. ही ओळ वाचून कोणी बीपीची किंवा साखरेची गोळी बंद केली असेल, तर डॉक्टरांना आजच फोन करून तसं सांगा.