वाळवंटी शहराचे उद्दिष्ट कशात मोजायचे?

शाश्वत विकासाचा कोणताही शहर आराखडा उघडला की थोड्याफार फरकाने तीच वाक्ये समोर येतात: दरडोई पाणीवापर इतक्या टक्क्यांनी कमी करणार, इतकी लाख रोपे लावणार, अमुक सालापर्यंत कर्ब उत्सर्जन शून्यावर आणणार. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ उद्दिष्टे जाहीर केल्यापासून ती आपल्या शहरापुरती उतरवून घेण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे आणि त्यात मुळात वावगे काही नाही. मात्र वाळवंटात वसलेल्या शहराच्या बाबतीत उद्दिष्ट किती मोठे आहे यापेक्षा ते कशात मोजले आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजमापच चुकले, तर शहर आकडा गाठते, अहवालही छापते आणि पाणी, सावली व माणसे या तिन्ही गोष्टी हातच्या जातात.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण वाळवंटात बाकी सगळे त्याच्या मागून येते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगासमध्ये वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचे, म्हणजे त्या नदीवरील मीड सरोवरातले असते. नेवाडा राज्याचा नदीतील वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३७ कोटी घनमीटर इतकाच ठरलेला आहे. परंतु या वाट्याचा हिशेब किती उपसले यावर होत नाही; उपसलेल्यातून सरोवरात परत गेलेले पाणी वजा केले जाते. घरातील मोरी, बेसिन आणि संडास यांतून वाहून गेलेले जवळजवळ सर्व पाणी प्रक्रिया करून पुन्हा वापरात येते आणि त्यातील बराच मोठा भाग लास वेगास वॉश या प्रवाहातून पुन्हा सरोवरात सोडला जातो. त्यामुळे एखाद्याने अंघोळ दहा मिनिटांऐवजी पाच मिनिटांत उरकली, तर वीज आणि पंपिंगचा खर्च वाचतो, पण नदीच्या खात्यावर फारसा फरक पडत नाही. उलट हिरवळीवर फवारलेले पाणी उन्हात उडून जाते आणि कधीही परत येत नाही. तिथल्या जलप्राधिकरणाच्या अभ्यासानुसार एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला सुमारे २७५ लिटर पाणी लागते, तर त्याच जागेवर वाळवंटी झुडपे लावली की काम ७० लिटरच्या आत भागते.

हे लक्षात घेतले, म्हणजे काटकसरीचे शॉवर वाटण्याची मोहीम त्या शहरात का अपुरी ठरली असती ते कळते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला असता. तिथल्या प्रशासनाने नेमके दुखणे पकडले. हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे देण्याची योजना १९९९ पासून चालू झाली आणि २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला की ज्या गवतावर कुणी खेळत नाही, बसत नाही, जे केवळ रस्त्याच्या दुभाजकावर किंवा कार्यालयाच्या दारात शोभेसाठी आहे, त्याला १ जानेवारी २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही. शाळांची मैदाने, बागा आणि स्वतंत्र घरांची अंगणे यातून वगळली आहेत. मला या कायद्याची सर्वांत आवडलेली बाब अशी की, त्यात ‘पाणी जपून वापरा’ अशी सर्वांना सारखी शिकवण नाही. परत न येणारे पाणी कुठे जाते ते शोधून तिथेच नळ बंद केला आहे.

अर्थात एका खात्यात वाचवलेले दुसऱ्या खात्यात खर्ची पडते, याचेही उदाहरण तिथेच सापडते. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारी शीतयंत्रणा २०२३ पासून नव्या व्यावसायिक इमारतींत बंद करण्यात आली. पाणी वाचले, पण कोरड्या पद्धतीच्या वातानुकूलनाला वीज जास्त लागते. शेजारच्या ॲरिझोना राज्यात याच्या उलट चित्र आहे. फिनिक्सच्या पश्चिमेचा पालो वर्दे अणुवीज प्रकल्प फिनिक्स परिसरातील प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर थंड ठेवला जातो. कागदावर हा पुनर्वापराचा उत्तम नमुना आहे आणि मीही त्याला नावे ठेवणार नाही, पण शीतमनोऱ्यांतून ते पाणी वाफ होऊन निघून जाते, म्हणजे पुनर्वापर होतो तो एकदाच. ‘सांडपाण्याचा शंभर टक्के पुनर्वापर’ हे उद्दिष्ट गाठलेल्या शहराचे पाणी अशा रीतीने संपूर्ण संपलेलेही असू शकते. म्हणून पाण्याचे आणि विजेचे उद्दिष्ट दोन वेगळ्या विभागांनी दोन वेगळ्या बैठकांत ठरवणे मला धोक्याचे वाटते. सौर ऊर्जेबद्दल फार लिहीत नाही; एवढे ऊन असलेल्या शहराने छतावर आणि वाहनतळांवर पॅनेल बसवावीत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, आणि वाहनतळावरील पॅनेल सावलीही देतात.

भूजलाच्या बाबतीत ॲरिझोनाचा १९८० चा कायदा अभ्यासण्यासारखा आहे. दरवर्षी जमिनीत जेवढे मुरते त्यापेक्षा जास्त उपसायचे नाही, हा समतोल फिनिक्स आणि टूसॉन परिसराने २०२५ पर्यंत साधावा, असे त्यात ठरले. आणि नवी वसाहत उभारणाऱ्याने शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी, अशी अटही पुढे लागू झाली. मोजमाप म्हणून हे उत्तम होते, कारण ते त्या मातीतून निघालेले होते. पण जुन्या शेतीचे उपशाचे हक्क कायम ठेवले गेले, लहान विहिरी नियमनाबाहेर राहिल्या आणि अंतिम मुदत पंचेचाळीस वर्षे पुढची होती. ज्यांनी ती मुदत ठरवली त्यांच्यापैकी क्वचितच कोणी २०२५ मध्ये उत्तर द्यायला पदावर असणार होते. फिनिक्स परिसराला तो समतोल पक्का गाठता आला नाही. मात्र शंभर वर्षांच्या हमीची अट दात असलेली निघाली: जून २०२३ मध्ये राज्याने जाहीर केले की शंभर वर्षांच्या मागणीपैकी सुमारे ४ टक्के भूजल कमी पडणार असल्याने, फक्त भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना या परिसरात यापुढे मंजुरी मिळणार नाही. दूरच्या तारखेने जे साधले नाही, ते परवान्याच्या खिडकीवरच्या एका अटीने साधले, यातून इतर शहरांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आता झाडांकडे वळू. वाळवंटी शहरांच्या आराखड्यांत सर्वाधिक फसवा आकडा कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी लावलेल्या रोपांची संख्या असे उत्तर देईन. रोप लावणे हा एका सकाळचा कार्यक्रम असतो. ते पहिली दोन-तीन वर्षे जगवायला टँकर, ठिबक आणि माणूस लागतो, आणि त्यासाठीची तरतूद बहुधा त्या सकाळच्या छायाचित्रात नसते. फिनिक्सने २०१० मध्ये ठरवले होते की २०३० पर्यंत शहराच्या २५ टक्के भागावर झाडांचे छत्र असेल. हे शहर त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचत नव्हते, तेव्हा २०२४ मध्ये नवा आराखडा आला आणि त्यात पाच वर्षांत २७ हजार झाडांबरोबरच ५५० बांधीव छपरांचाही समावेश केला गेला. काहींना ही माघार वाटली असेल, मला तो शहाणपणा वाटतो. बसथांब्यावर दुपारी तीन वाजता उभ्या असलेल्या बाईला सावली हवी असते. ती पानांची आहे की पत्र्याची, हा तिच्या दृष्टीने नंतरचा प्रश्न आहे.

झाडाच्या पाण्याचा प्रश्न टूसॉनने ज्या पद्धतीने सोडवला, ती बारकाईने पाहावी अशी आहे. या शहरात वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील निम्म्याच्या आसपास उन्हाळ्यातील थोड्या जोरदार सरींमध्ये, आणि एरवी तो रस्त्यावरून वाहून गटारात जात असे. तिथे रस्त्याच्या कडेचा काँक्रीटचा काठ हातभर रुंदीत कापतात आणि त्याच्या मागे रस्त्यापेक्षा खोल असा खळगा खणतात. पाणी आत शिरते त्या तोंडाशी दगड बसवतात, म्हणजे माती धुपत नाही. मेस्किट किंवा पालो वर्दे (अणुवीज प्रकल्पाच्या नावातलेच) हे वाळवंटी झाड खळग्याच्या तळात न लावता त्याच्या कडेच्या ओट्यावर लावतात, म्हणजे बुंध्याशी पाणी साचून तो कुजत नाही. गळलेली पाने झाडून न नेता खळग्यातच राहू देतात, म्हणजे ओल टिकते. झाड एकदा रुजले की पाइपच्या पाण्याची त्याला फारशी गरज उरत नाही आणि रस्त्यावर तुंबणारे पाणीही कमी होते. नव्या व्यावसायिक जागांनी आपल्या झाडाझुडपांना लागणारे निम्मे पाणी पावसाचे साठवून वापरावे, असा नियम तिथे २०१० पासून लागू आहे, आणि २०२० पासून पाणीबिलावर या कामासाठी एक लहानशी आकारणीही होते. पैसा कुठून येणार हे न सांगणाऱ्या उद्दिष्टाला मी तरी उद्दिष्ट म्हणत नाही.

जोधपूरने मात्र दाखवून दिले आहे की, दुसऱ्या वाळवंटाचे मोजमाप उचलून चालत नाही. मेस्किटचीच जवळची बहीण असलेली विलायती बाभूळ राजस्थानात आणली गेली आणि तिने देशी झाडाझुडपांना जागाच ठेवली नाही. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी २००६ पासून सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीतून ती मुळासकट काढून स्थानिक वनस्पती लावण्याचे काम झाले, तेच आजचे राव जोधा उद्यान. म्हणजे एका वाळवंटात जे झाड लावणे हे यश, त्याच्याच कुळातील झाड दुसऱ्या वाळवंटात काढणे हे यश. पाण्याचेही तसेच आहे. कालव्याचे पाणी आल्यापासून जोधपूरच्या जुन्या भागातील विहिरी आणि बावड्यांचा (पायऱ्यांच्या विहिरींचा) उपसा कमी झाला, भूजल वर आले आणि तळघरांत पाणी शिरू लागले. थरच्या काठावरच्या या शहराला ‘भूजल पातळी वाढवणे’ हे पुस्तकी उद्दिष्ट दिले, तर घरांचे पाये भिजतील. तिथे उपसा वाढवून ते पाणी बागांना आणि बांधकामांना वापरणे, हेच शाश्वततेचे काम ठरते.

उष्णतेच्या उद्दिष्टांत मोजमापाची चूक माणसाच्या जिवावर बेतते. फिनिक्सने २०२० पासून काही रस्त्यांवर ऊन परावर्तित करणारा करडा लेप दिला. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मोजणीत दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग साध्या डांबरापेक्षा सुमारे ६ अंश सेल्सियसने थंड आढळला, पण परावर्तित उन्हामुळे त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पडणारी उष्णता भर दुपारी सुमारे ३ अंशांनी वाढलेली होती. रस्ता हे एकक धरले तर योजना यशस्वी. चालणारा माणूस धरला तर दुपारपुरती अयशस्वी. रात्री मात्र लेप उपयोगी पडू शकतो, आणि या शहरांत रात्रच अधिक घातक होऊ लागली आहे. जुलै २०२३ मध्ये फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ४३ अंशांवर गेला, त्याची बातमी जगभर झाली. त्याच महिन्यात सलग १६ रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली उतरले नाही, याची तेवढी झाली नाही.

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) येते, तिथे त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले आणि २०२४ मध्ये ६०८. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, याचे श्रेय तिथल्या आरोग्य विभागाला द्यायला हवे, कारण मृत व्यक्ती घरात होती की रस्त्यावर, घरात वातानुकूलन होते का आणि असल्यास ते चालू होते का, अशा तपशिलांसह तो विभाग नोंद ठेवतो. २०२३ च्या नोंदीत जवळजवळ निम्मे मृत बेघर होते आणि घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे यंत्र होते, पण ते चालत नव्हते. एवढे कळले की कामाची दिशा आपोआप ठरते: निवाऱ्याची केंद्रे रात्रीही उघडी ठेवणे, नादुरुस्त यंत्रे उन्हाळ्यापूर्वी दुरुस्त करून देणे आणि वीज तोडू न देणे. थकबाकीमुळे वीज तोडलेल्या घरातील एका वृद्धेचा मृत्यू उजेडात आल्यानंतर २०१९ मध्ये ॲरिझोनाच्या नियामकांनी आपल्या अखत्यारीतील कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात वीज तोडण्यास मनाई केली. फिनिक्सने २०२१ मध्ये उष्णतेसाठी स्वतंत्र कार्यालयही उघडले. माझ्या मते वाळवंटी शहराच्या आराखड्यात २०५० च्या कर्ब उत्सर्जनाच्या आकड्याआधी येत्या उन्हाळ्यातील उष्माघाताच्या मृत्यूंचा आकडा असावा, त्यासमोर जबाबदार विभागाचे नाव असावे आणि ऑक्टोबर संपल्यावर त्या विभागाने नगरसभेपुढे उभे राहून तो आकडा वाचून दाखवावा.