‘कवीने गप्प बसावे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘एक जुना वाचक’ या नावाने आपण माझ्या गेल्या आठवड्यातील लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया मी चार दिवसांत अनेकदा वाचली. तो लेख ठाण्यात झालेल्या एका छोट्या कार्यक्रमाविषयी होता. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत आज लिहिणारे चार मराठी कवी बसले होते आणि ‘तुमची कविता कुठून येते’ या एकाच प्रश्नावर प्रत्येकाने बोलायचे होते. आपली प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते : “कवीने कविता लिहावी आणि गप्प बसावे. जिला समजावून सांगावे लागते ती कविता नव्हे. कोलटकर असे व्यासपीठावर बसून प्रेरणा सांगत फिरले का? एवढ्या लांब लेखात चार कवींच्या मिळून चार ओळीही नाहीत. ‘गोलपिठा’चे साल चुकले आहे. ठाण्यातल्या हौशी मंडळींचे हे परस्परकौतुक आता पुरे.”

प्रथम चूक मान्य करते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मी १९७३ लिहिले होते. माझ्या टिपणवहीतच आकडा चुकीचा उतरला होता आणि लेख लिहिताना तो ताडून पाहण्याचे राहून गेले. ही चूक दाखवल्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. मात्र ‘गोलपिठा’चे नाव आपणच काढले आहे, तर त्या पुस्तकाची प्रस्तावनाही आपण आठवून पाहावी. ती विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि लिहिण्यापूर्वी ते ढसाळांबरोबर मुंबईतल्या गोलपिठा या वस्तीत फिरले, ज्या शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक नव्हते ते त्यांनी खुद्द कवीला विचारले. तेंडुलकरांसारख्या लेखकाला कवीला विचारण्यात कमीपणा वाटला नाही आणि ढसाळांना सांगण्यात वाटला नाही. त्या विचारण्या-सांगण्यामुळे ‘गोलपिठा’तली एकही कविता कविता असण्याची थांबली नाही. साल तेवढे आपल्या लक्षात राहिले, हे मला खटकले.

आता ‘गप्प बसावे’ या शब्दांविषयी. मतभेद कुणाचाही असू शकतो, पण मत मांडण्याची एक रीत असते. ‘कवीने स्वतःच्या कवितेवर फार बोलू नये असे मला वाटते’ हे वाक्य आपण लिहिले असते तर मी त्यावर आनंदाने चर्चा केली असती. ‘गप्प बसावे’ हे मत नव्हे, ही आज्ञा आहे, आणि तीही स्वतःचे नाव न देता केलेली. ज्यांना उद्देशून ती केली त्या चौघांपैकी एक कंपनीत बारा तास उभा राहून आलेला होता आणि एक घरातल्या आजारी माणसाची व्यवस्था शेजारणीवर सोपवून ऐरोलीहून आली होती. कुणालाही मानधन नव्हते. अशा माणसांना गप्प बसायला सांगण्यापूर्वी आपण निदान नाव लिहायला हवे होते.

हे शब्द मला इतके लागले त्याला कारण आहे आणि ते सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. १९९१ साली मी चोवीस वर्षांची होते, बँकेत नुकतीच लागले होते आणि कळव्याहून ठाण्याला येऊन मिळेल तो काव्यवाचनाचा कार्यक्रम ऐकत होते. अशाच एका कार्यक्रमात एका कवीला मी उभी राहून विचारले की, तुमच्या कवितेतल्या अमुक ओळीत दिवा विझवणारी ती कोण आहे? कवी उत्तर देण्याच्या आतच पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, “बाई, कविता कळत नसेल तर ऐकायला येऊ नये.” चार माणसे हसली आणि मी खाली बसले. कार्यक्रम संपल्यावर तोच कवी मला जिन्यात भेटला, स्वतःहून थांबला आणि त्याने सांगितले की ती रुग्णालयातली रात्रपाळीची परिचारिका आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात वॉर्डातले दिवे तीच मालवत असे. पाचेक मिनिटांचे ते बोलणे असेल. त्या पाच मिनिटांत मला कवितेचा अर्थ मिळाला असे मी म्हणत नाही. ती कविता कुणा माणसाला, कुठल्या खोलीत, किती वाजता सुचली हे मिळाले, आणि तेव्हापासून ती माझ्याजवळ राहिली. पुढे सहा वर्षे मात्र मी कुठल्याही कार्यक्रमात प्रश्न विचारला नाही. आपले पहिले वाक्य वाचताना मला त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचा आवाज ऐकू आला. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची, म्हणजे १८९३ पासून चालत आलेल्या त्या संस्थेची, मी १९८६ पासून सभासद आहे. कवींच्या बोलण्याच्या टिपणांनी भरलेल्या बावीस वह्या माझ्या कपाटात आहेत. कविता कशी ऐकावी हे मला कुणा अनामिकाकडून शिकण्याची वेळ अजून आलेली नाही.

‘जिला समजावून सांगावे लागते ती कविता नव्हे’ या वाक्यावर आपली सारी मदार आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. कवितेचा अर्थ समजावून सांगणे आणि ती कशी आली हे सांगणे या दोन गोष्टी आपण एकच मानल्या आहेत. त्या दिवशी चौघांपैकी कुणीही अर्थ सांगितला नाही. रबाळे एमआयडीसीतील एका कंपनीत पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या कवीने सोबत एक कागद आणला होता. ते डिलिव्हरी चलनाचे पिवळे पान होते. पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने कविता लिहिलेली, एका कोपऱ्यावर चिकटपट्टीचा चुरगळलेला तुकडा तसाच राहिलेला. तिसऱ्या ओळीत आधी ‘पाठवतो’ असे होते. त्यावर दोनदा आडवी रेघ मारून वर ‘बांधतो’ असे लिहिले होते. तो म्हणाला की, खोक्यावर चिकटवायच्या प्रत्येक लेबलावर ‘पाठवणार’ असे छापलेले असते आणि त्यापुढे कंपनीचे नाव असते; एका रात्री तीनच्या सुमारास त्याच्या लक्षात आले की, दिवसाला शेकडो खोकी त्याच्या हातून ज्या गावांना जातात त्यांतले एकही गाव त्याने पाहिलेले नाही आणि पाठवणाराही तो नाही. त्याच्या वाट्याला आलेले क्रियापद ‘बांधणे’ एवढेच आहे. मग थोडे थांबून तो म्हणाला, “आमच्या गावाकडे शाहीर कवनही बांधायचे.”

ही कविता मी एका दिवाळी अंकात आधीच वाचलेली होती आणि मला ती आवडलीही होती. पण ‘बांधतो’ या शब्दावरून माझी नजर सरळ पुढे गेली होती. घरी येऊन मी तो अंक पुन्हा काढला आणि त्या एका शब्दापाशी बराच वेळ थांबले. कविता तीच होती, तिच्यात एक मात्राही वाढलेली नव्हती. वाचणारी बदलली होती. कवीने बोलण्याचा उपयोग तो हाच, आणि यात कवितेचा अपुरेपणा कुठे सिद्ध होतो ते आपण मला सांगावे.

ऐरोलीहून आलेल्या कवयित्रीचे उदाहरण तर आपल्या वाक्याला थेट छेद देणारे आहे. ती आगरी बोलीत लिहिते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. त्यानंतर या पट्ट्यातली भातशेती, मिठागरे आणि खाजणे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनी, संपादनात गेली आणि त्यांच्यावर नोड, म्हणजे नव्या शहराचे विभाग, उभे राहिले. तिच्या आजीच्या तोंडचे निम्मे शब्द ज्या जागांचे होते त्या जागाच उरल्या नाहीत. तिच्या कवितेत ‘निवटी’ हा शब्द येतो. सभागृहातल्या घोडबंदर रोडच्या नव्या वसाहतींतून आलेल्या श्रोत्यांना तो ठाऊक नव्हता. तिने सांगितले की, ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर सरपटत जाणारा हा मासा आहे, तो बिळात शिरतो आणि बिळात हात घालूनच धरावा लागतो; तिची आजी कोपरापर्यंत हात घालायची आणि दुसऱ्या हाताने परकराचा ओचा धरायची. हे सांगताना तिने स्वतःचा हात टेबलाखाली नेला होता. मग तिने कविता वाचली. आपल्या न्यायाने ही कविताच नव्हे, कारण तिच्यातला एक शब्द सांगावा लागला. तो शब्द ज्या लोकांनी रोज वापरला त्यांना तो सांगावा लागत नव्हता. आपल्याला आणि मला सांगावा लागतो, कारण आपण त्यांच्या खाजणावर बांधलेल्या इमारतींत राहतो. उणीव कवितेत आहे की ऐकणाऱ्यांत, याचा विचार न करता आपण निकाल देऊन मोकळे झालात.

कोलटकरांचे उदाहरण देताना आपण फार खात्रीने लिहिले आहे. अरुण कोलटकर प्रसिद्धीपासून दूर राहिले हे खरेच आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आपल्याइतकाच आदर आहे. परंतु आवडत्या कवी-लेखकांविषयी एका मुलाखतीत विचारले गेले तेव्हा त्यांनी मौन पाळले नाही, तर नावांची एक लांबलचक यादी दिली. तीत मर्ढेकर आहेत. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत. रामजोशी, होनाजी आणि पठ्ठे बापूराव हे शाहीर आहेत. बहिणाबाई चौधरी आणि नामदेव ढसाळ आहेत. आणि त्याच दमात गायक बॉब डिलन, अमेरिकेतले ब्लूज गाणारे, जपानी चित्रपट दिग्दर्शक कुरोसावा, शेवटी विनोदी नटांची जोडी लॉरेल आणि हार्डीसुद्धा आहेत. ‘प्रेरणा’ या विषयावर मराठी कवीने दिलेले याहून मोकळे उत्तर मला माहीत नाही. ही यादी वाचल्यावर इंग्रजीतली ‘जेजुरी’ आणि मराठीतली ‘भिजकी वही’ एकाच हाताने कशी लिहिली असेल याचा थोडा अंदाज येऊ लागतो. गप्प बसणाऱ्या कवीचा दाखला म्हणून आपण नेमके त्यांचे नाव निवडले.

आणि कोलटकरांपर्यंत तरी कशाला यायचे? तुकोबांनी कवित्वाची प्रेरणा अभंगातच सांगून ठेवली आहे. संत नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले, त्यांनी जागे केले आणि कवित्वाचे काम नेमून दिले, असे ते म्हणतात. आपल्या शब्दांविषयी ‘नव्हे माझी वाणी पदरींची’ असे त्यांनी सांगितले. मर्ढेकरांनी कविता लिहिल्या आणि काव्यनिर्मितीच्या प्रश्नाचा आयुष्यभर शास्त्रशुद्ध विचारही केला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथासाठी त्यांना १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगाव जाऊन कविता वाचल्या, त्या श्रोत्यांपर्यंत नेल्या, आणि एका पिढीला कविता ऐकायची सवय लावली. ही आपली परंपरा आहे. तिच्यात कवीच्या बोलण्याला नेहमीच जागा होती, आणि ती जागा आता बंद झाली असे एका ओळीत जाहीर करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

२०१० च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरले तेव्हाही मी कविसंमेलनाला बसले होते. तिथे कवी माइकपाशी येतो, एक कविता म्हणतो आणि पुढच्याचे नाव पुकारले जाते. असा कार्यक्रम आपल्या नियमात अगदी चोख बसतो, कारण तिथे बोलायला वेळच नसतो. त्या संध्याकाळी ऐकलेल्यांपैकी किती कविता माझ्याजवळ राहिल्या ते मी वहीत पाहिले. दोन.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. लेखात कवितांच्या ओळी दिल्या नाहीत हा आक्षेप मला गैरलागू वाटतो. लेखाचा विषय कवींचे बोलणे हा होता, आणि संग्रह विकत मिळतात, वाचनालयातही मिळतात. परस्परकौतुकाविषयी एवढेच सांगते की, चौघांपैकी दोघांना मी बऱ्याच वर्षांपासून ओळखते आणि ते मी कधी लपवलेले नाही. एकाच शहरात पस्तीस वर्षे कार्यक्रमांना जाणाऱ्या माणसाची कवींशी ओळख होणारच. ‘हौशी’ या शब्दाला मी उत्तर देणार नाही. बँकेची नोकरी सांभाळून, घरच्यांची जेवणे आटोपून, रात्री अकरानंतर ज्या वह्या मी भरल्या त्यांना आपण काय नाव द्यावे हा आपला प्रश्न आहे.

साल मी दुरुस्त केले आहे. आपली प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला त्याच खोलीत आहे. जिना चढल्यावर उजव्या हाताचे दार. रबाळ्याचा कवी त्या दिवशी पहिल्या पाळीत असल्याने येणार आहे, आणि ते पिवळे पान सोबत आणायला मी त्याला सांगितले आहे.