दोन वर्षांच्या मुलाला ‘एंट्री’ कशाला हवी?

आज दुपारी आमच्या दिवाणखान्यात एक मुलगा येऊन बसला. गोड मुलगा, बोलायला नम्र, आल्या आल्या माझ्या पाया पडला. त्याच्या टॅबवर आमच्या नातवाच्या दुसऱ्या वाढदिवसाचं ‘पॅकेज’ होतं. मी आपली शेंगा सोलत बसले होते. तो एकेक चित्र पुढे सरकवत होता आणि आमचे चिरंजीव आणि सूनबाई माना डोलवत होते. दारात बाळाचाच पुठ्ठ्याचा फोटो, बाळाच्या तिप्पट उंच. जंगलाची थीम. फुग्यांची कमान. टॅटूवाला, जादूगार, गोल फिरून व्हिडिओ काढणारं यंत्र, पॉपकॉर्नची गाडी, माइकवाला अँकर, डीजे. आणि सगळ्यात शेवटी बाळाची ‘एंट्री’. म्हणजे काय, तर पार्टी प्लॉटमधले (समारंभासाठी भाड्याने मिळणारं मोकळं मैदान ते) दिवे घालवणार, जमिनीवरून पांढरा धूर सोडणार, दोन्ही बाजूंना कोल्ड पायरोच्या ठिणग्या उडवणार आणि त्यातून बॅटरीच्या जीपमध्ये बसून आमचं बाळ येणार. रात्री साडेआठला.

साडेआठला आमचं बाळ कुठे असतं सांगू? आजोबांच्या खांद्यावर. एका हातात त्यांच्या कानाची पाळी घट्ट धरलेली आणि डोळे मिटत आलेले.

मी तिथे एका प्रश्नापलीकडे काही बोलले नाही. शेंगा संपल्या, उठले, आत आले आणि आता लिहितेय. लेक ही पोस्ट वाचणार आहे. वाच बाबा, नीट वाच.

तुम्हा सगळ्यांना असल्या पार्ट्यांची आमंत्रणं येतात आणि तुम्हीही जाता, माझ्यासारखंच पाकीट देऊन, जेवून, घरी येऊन ‘किती तो आवाज’ म्हणता. तेव्हा मी तुम्हाला पटवून देत बसायची गरज नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या छकुलीचा पहिला वाढदिवस झाला. इथे बडोद्यात वासणा-भायली रोडवर पार्टी प्लॉट घेतला होता. छकुलीला फुलाफुलांचा घेरदार झगा, त्याच्या जाळीने तिची मांडी लाल झालेली, डोक्यावर करकचून इलॅस्टिकचा मुकुट. तिला आईच्या कडेवरून या कडेवर, त्या कडेवर, प्रत्येकाबरोबर फोटो. तरी ती हसत होती बिचारी. मग आलं अस्वल. माणसाहून उंच, भलं मोठं डोकं, न हलणारे डोळे. छकुलीने एकदा बघितलं आणि अशी किंचाळली की डीजेवाल्याने मागे वळून पाहिलं. वर्षाच्या मुलाला अनोळखी माणूससुद्धा नको असतो, आईच्या पदरात तोंड लपवायचं वय ते, आणि तुम्ही त्याच्यापुढे सहा फुटी अस्वल उभं करता! त्यावर तो अँकर काय म्हणाला असेल? माइकवर म्हणाला, ‘चालो, बधा ताळी पाडो, बेबी डरी गई!’ आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या हो.

मी बालवाडीत आयुष्य काढलं. दोन वर्षांची मुलं एकत्र खेळत नाहीत, एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळायचं. आणि त्यांच्यासाठी हे लोक संगीत खुर्ची ठेवतात! गाणं थांबलं की पळायचं, खुर्ची पकडायची, नाही मिळाली तर बाद. त्या जिवाला ‘बाद’ म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? छकुलीच्या पार्टीत खुर्च्यांभोवती सगळे बाप धावत होते, कडेवर पोरं घेऊन. जिंकलेल्या बापाला बक्षीस मिळालं, पोर रडतच होतं.

याच गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणायचे. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथेच काम करत होत्या. मुलांच्या उंचीची बाकं हवीत, मुलांच्या हातात मावतील अशी भांडी हवीत, मोठ्यांनी खाली बसावं, हा त्यांचा हट्ट. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. आणि आज आम्ही दोन वर्षांच्या पोराला जीपमध्ये बसवून धुरातून काढतोय.

थांबा, चहा ठेवून आले.

हं. आता जरा खरं भांडण. फुगे. हेलियम महाग पडतो म्हणून पुष्कळ फुगेवाले हायड्रोजन भरतात. तो भडकन पेटतो. वर छताला तो लोंबतोय, खाली केकवर ती फुलबाजीसारखी मेणबत्ती, आणि मोठी मुलं स्नो स्प्रे मारत सुटलेली. त्या डब्यातला वायूसुद्धा बहुतेकदा आग धरणारा असतो. हे सगळं एका टेबलावर, आणि मधोमध नायलॉनच्या झग्यातलं लेकरू! आणि फुगा फुटला की त्याचे रबराचे तुकडे जमिनीवर पडतात, रांगणारं मूल पहिलं तेच तोंडात घालतं. घशात बसलं की हवेला वाट राहत नाही. पॉपकॉर्न, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, चार वर्षांच्या आत हातातसुद्धा देऊ नयेत. (मी सोलत होते त्या शेंगांतला दाणा बाळाला मी कधी देत नाही, कूट करून देते, हे सूनबाईंना माहीत आहे.) पॅकेजवाल्या मुलाला मी एवढंच विचारलं, ‘फुग्यात काय भरता?’ तो म्हणाला, ‘आंटी, बेस्ट क्वॉलिटी गॅस.’

बेस्ट क्वॉलिटी.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, काकू, घरं लहान झाली, माणसं जास्त, सगळ्यांना बोलावावं लागतं. मान्य. नोकरीवाली माणसं रात्रीच मोकळी होतात. तेही मान्य. पण मग ती मोठ्यांची जेवणावळ झाली ना! ठेवा की जेवणावळ, मी येईन, उंधियूसुद्धा दोनदा घेईन. बाळाला घरी झोपवून या.

कारण छकुलीचा केक कापला तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. मामांचं विमान उशिरा आलं म्हणून सगळे थांबले होते. छकुली तोवर रडून रडून झोपली होती. एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी अकरा ते चौदा तास झोप लागते, आणि आपण त्यांना रात्री सव्वादहाला केकपुढे उभं करतो. भाचीने तिला उभं धरलं, मान एका खांद्यावर कललेली. तिच्या मिटलेल्या मुठीत प्लॅस्टिकची सुरी सरकवली, वरून बापाचा हात, त्यावरून आईचा हात, आणि कापला केक. शेजारच्या बा माझ्या बाजूला बसल्या होत्या, त्या नुसतं म्हणाल्या, ‘सूवा दो ने बिचारीने.’ झोपू द्या ना बिचारीला. भाचीचाही चेहरा त्या क्षणी रडवेला झालेला मी पाहिला. म्हणजे तिलाही नको होतं ते. पण फोटोवाला ‘एक और, मॅडम’ म्हणत होता.

हे कुणाच्या हौसेसाठी चाललंय, हा प्रश्न मी भाचीला विचारला नाही. सुनेलाही विचारणार नाही.

सुनेचं खरं मला कळतं. एकदा स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ती बोलून गेली होती. त्या तिघी बहिणी. वाढदिवसाला घरात शिरा व्हायचा, आई औक्षण करायची, संपलं. शाळेत बाकीच्या मुली नवा फ्रॉक घालून चॉकलेटं वाटायच्या, हिच्याकडे वाटायला काही नसायचं, म्हणून ही त्या दिवशी पोटात दुखतंय सांगून घरी राहायची. तेवढं सांगून तिने पोळी तव्यावर टाकली आणि विषय बदलला. आता ती कमावते, आणि आपल्या लेकराला काही कमी पडू नये असं तिला वाटतं, तर त्यात वाईट काय? काही नाही. मी तिच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं.

म्हणून मी एक सुचवते. सूनबाई, मार्चमध्ये तुम्हाला तीस पूर्ण होतात. घेऊ पार्टी प्लॉट. थीम तुम्ही ठरवा. दिवे घालवू, धूर सोडू, ठिणग्या उडवू, आणि एंट्री तुमची. जीपऐवजी बग्गी सांगू. मी स्वतः पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवीन, आणि हा विनोद नाही. तुम्हाला आठवेल, सुखावेल, तुम्ही त्या रात्री नाचाल. तुमच्या लेकराला यातलं काहीच आठवणार नाही, आणि त्याच्या नशिबी त्या रात्रीचा ताप.

(मुलाने आत्ताच दारातून डोकावून विचारलं, ‘आई, एवढा वेळ काय टाइप करतेस?’ म्हटलं, काकडीच्या थालीपिठाची रेसिपी.)

आणि लहान मुलांची पार्टी आपल्याला काय नवीन आहे हो? बोरन्हाण म्हणजे दुसरं काय असतं? आपल्या बडोद्यात संक्रांतीला तर अख्खं गाव गच्चीवर, ‘काई पो छे’च्या आरोळ्यांत कुणाला ऐकू येतंय! म्हणून आम्ही बोरन्हाण नंतर करायचो, रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं. दुपारी चारची वेळ. जमिनीवर चादर, पाट, बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि औक्षण करून डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या, बत्तासे. आळीतली पोरं त्यावर तुटून पडायची. पाऊण तासात खेळ खलास, सगळे आपापल्या घरी. बाळ मधोमध, जमिनीवर, आपल्या उंचीवर, आणि आजूबाजूला ओळखीच्याच बाया. कुणी विचारपूर्वक आखल्यासारखं आहे की नाही ते? मान्य, बोरांच्या बिया आणि रेवड्या लहानग्यांच्या तोंडात जाऊ शकतात, तेव्हाही आमचा जीव वरखाली व्हायचाच. हल्ली मी बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या सोडायला सांगते, बाकीचं मोठ्या पोरांना ताटात.

छकुलीच्या पार्टीतली एक गोष्ट सांगायची राहिली. निघताना मी हात धुवायला मागे गेले. बुफेच्या टेबलांमागे ते अस्वल बसलं होतं, डोकं काढून बाजूला ठेवलेलं. आत सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, केस घामाने कपाळाला चिकटलेले, पाण्याची बाटली तोंडाला. आणि तिथेच टेबलाखाली, लोंबत्या कापडाच्या आड, दुसरं कुणाचं तरी दोनेक वर्षांचं पोर बसलं होतं. केटररच्या स्टीलच्या वाट्या एकात एक घालत होतं, काढत होतं, परत घालत होतं. तोंडाने काहीतरी स्वतःशीच. त्या अख्ख्या प्लॉटमध्ये मजा करणारं ते एकच मूल होतं. अस्वलातल्या पोराने त्याच्याकडे एक चमचा सरकवला, तोही याने वाटीत घातला. आईबाप पलीकडे त्याला शोधत होते, मी जाऊन सांगितलं.

तर चिरंजीव, ऐका. पार्टी रविवारी सकाळी दहा वाजता, आपल्या दांडिया बाजारच्या घरात, चौकात. साडेअकराला बंद, कारण बाराला बाळ झोपतं. मुलं तीन. जितकं वय त्यात एक मिळवायचं, तेवढीच मुलं, हा आमचा बालवाडीतला हिशेब. मोठ्या माणसांना मर्यादा नाही, पण त्यांनी खाली बसायचं. खंडेराव मार्केटमधून झेंडू मी आणते. एका परातीत पाणी, गाळण्या, वाट्या, आणि परातीपाशी एक मोठं माणूस पूर्ण वेळ बसलेलं. हळद आणि बीट घालून मळलेले कणकेचे गोळे. साबणाचे बुडबुडे. एक जुनी चादर, चौघांनी चार कोपरे धरून वरखाली करायची, पोरं खालून पळतील. मुलांना मऊ इडली, केळं आणि घरचा रव्याचा केक, मोठ्यांना सेव उसळ आणि श्रीखंड-पुरी. माइक नाही. ज्यांना नंतर उत्साह असेल त्यांनी बाळ उठल्यावर चारला कमाटीबागेत यावं, गवतावर लोळायला. म्युझियममध्ये तो १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्याखाली उभं राहून आमचे हे अजून ‘अबब’ म्हणतात. बाळ काय म्हणतं बघू. नाही आवडलं तर लगेच बाहेर.

अहेर आणू नका, खेळण्यांनी कपाट भरलंय. पण कुणाच्या घरी नवा फ्रीज किंवा वॉशिंग मशीन आलं असेल आणि त्याचा पुठ्ठ्याचा खोका अजून भंगारवाल्याला दिला नसेल, तर तो मला हवाय. दारं-खिडक्या कापून घर करायचंय. खाली लिहा, मी ह्यांना स्कूटरवर न्यायला पाठवते, ते कसा आणतात ते त्यांचं ते बघतील.