बिनपगारी पोरगा हवाय? कोर्टात या!

दुकान चांगलं चाललंय, पण हाताखालच्या पोराचा पगार जड जातोय? अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली काउंटी कोर्टाची जुनी दफ्तरं उघडा. सगळी युक्ती तिथे लिहून ठेवलेली आहे.

आधी एक अनाथ शोधा. आईबाप दोघेही गेलेले असावेत असा हट्ट नको. बाप गेला की झालं मूल अनाथ. आई लोकांचे कपडे धुवून त्याला पोसत असली तरी कायद्याला ती दिसत नाही. मग कोर्ट ते पोर 21 वर्षांचं होईपर्यंत तुम्हाला शिकाऊ म्हणून ‘बांधून’ देतं. शब्द दफ्तरातलाच आहे, पदरचा नाही.

कराराचा मसुदा इंग्लंडमधून उचला. तिथे तो शतकानुशतकं घासूनपुसून तयार झालाय. पोराने मालकाची गुपितं राखावीत, पत्ते-फासे खेळू नयेत, गुत्त्यात जाऊ नये, लग्न करू नये. पोर बारा वर्षांचं असलं तरी लग्नाचं कलम गाळू नका. तुमच्या बाजूला लिहा : धंदा शिकवीन, ‘पुरेसं’ अन्न देईन. पुरेसं म्हणजे किती, ते वाढणाऱ्याने ठरवायचं. दोन्ही प्रती एकाच कागदावर लिहून मधोमध नागमोडी कापा, म्हणजे वाद झाला तर तुकडे जुळवून बघता येतात.

एक कटकट आहे : लिहायला-वाचायला शिकवण्याची. तेव्हा स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, काळ्या आईबापाचं मूल घ्या. 1838 पासून त्यांच्यापुरती ती अटच काढून टाकली होती. सरकारला धंदेवाल्यांची केवढी काळजी!

आणि पोर पळालं तर? पेपरात जाहिरात द्या. त्याच राज्यातल्या रॉली शहराच्या जेम्स सेल्बी शिंप्याने जून 1824 मध्ये दिली होती. विल्यम आणि अँड्र्यू जॉन्सन हे दोन भाऊ पळाले होते. आणून देणाऱ्याला 10 डॉलर. नुसत्या अँड्र्यूला आणलं तरी 10च. थोरल्या विल्यमचा भाव काय झाला, तो तुम्हीच काढा. (भावाभावांत असं करू नये, पण धंदा म्हटला की आलंच.)

अँड्र्यू काही हाती लागला नाही. तो टेनेसीत शिंपी झाला, राजकारणात शिरला आणि 1865 मध्ये लिंकनच्या खुनानंतर थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसला. आता सगळ्या मालकांची कंबख्ती, असं वाटलं ना? छे! त्याच्याच कारकिर्दीत दक्षिणेत गुलामीतून सुटलेली पोरं ‘शिकाऊ’ म्हणून पुन्हा बांधून दिली जात होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या 1866 च्या कायद्यात तर पहिला हक्क जुन्या मालकाचाच होता. त्याच वर्षी काळ्यांना नागरी हक्क देणारं विधेयक आलं, तेव्हा या पळून गेलेल्या शिकाऊ पोराने त्यावर नकाराधिकार वापरला.

तेव्हा पोर पळालं म्हणून खचू नका. कोऱ्या मसुद्यांचा गठ्ठा तेवढा जपून ठेवा. नाव आणि वय सोडून त्यात काही भरावं लागत नाही.