शून्य बालविवाहांचं अभिनंदन

आज सकाळपासून एका ग्रुपवर तालुक्याच्या आढाव्याचा तक्ता फिरतोय. बालविवाह: निरंक. बालकामगार: निरंक. शाळाबाह्य मुलं: निरंक. खाली टाळ्यांची आणि फुलांची रांग, आणि "संपूर्ण टीमचं अभिनंदन". तालुका सातपुड्याच्या पायथ्याचा, नाव मुद्दाम लिहीत नाही. पण ज्या तालुक्यातून दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला निघून जातात, तिथल्या या तिन्ही रकान्यांत शून्य आलं, तर तिथं कोणी मोजायला गेलेलंच नाही. माझ्या मित्रयादीतल्या मंडळींना हे पटवून द्यायची गरज नाही, तरी लिहितो, कारण अभिनंदन करणाऱ्यांत आपलीच काही माणसं आहेत.

त्याच तालुक्यातली एक मुलगी आहे. नाव-गाव कायदाही सांगू देत नाही आणि सांगायचंही नाही. आठवीपर्यंत आश्रमशाळेत होती. दिवाळीनंतर आईबापाबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेली. तिकडे पडावावरच, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावरच, सोयरीक जमली. होळीला परत आली ती नवऱ्यासोबत. पुढच्या वर्षी ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली. तिथल्या वहीत वय १९. शाळेच्या जनरल रजिस्टरातली (दाखल करताना नाव लिहितात त्या वहीतली) जन्मतारीख धरली, तर त्या दिवशी तिला सोळावंही पूर्ण झालेलं नव्हतं.

आता ही मुलगी त्या तक्त्यात शोधून दाखवा.

शाळेत ती पटावर होती. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. म्हणून दिवाळीनंतर निघून गेलेल्या मुलीचं नाव कमी करायची कुणाला घाई नसते. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असा नियम आहे, पण तो रकाना भरणारा आणि पट टिकवणारा माणूस एकच. शिवाय शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता. ती चौदा ओलांडून गेलेली, म्हणजे शोधायची सक्तीही संपली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड तिला मिळायला हवं होतं. ते मिळालं असतं तरी गुजरातेतल्या शाळेने ते दाखल करून घेऊन इकडे कळवलं, तरच त्याची नोंद होते. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्याच्या संगणकात आपोआप उमटत नाही.

कामगार म्हणूनही ती कुठे नाही. तोडीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत फक्त जोडीच्या नावाचा हिशेब असतो, मोळ्या बांधणारी पोर त्यात येत नाही. बालकामगार कायदा १४ पर्यंत बालक म्हणतो, पुढे १८ पर्यंत किशोर. जनगणनेचा बालकामगारांचा गाजलेला आकडा ५ ते १४ वयाचा, २०११ साली देशभरात १ कोटी १ लाख. तो आकडा आजही भाषणांत फिरतो, कारण त्यानंतर जनगणनाच झाली नाही. आणि श्रमबल सर्वेक्षणाचे ठळक आकडे १५ च्या वरचे असतात, त्यात पंधरा-सोळाची पोर पन्नाशीच्या बाप्यांबरोबर एकाच ढिगात जाते.

बालविवाहाचा रकाना तर सगळ्यात सोपा. महाराष्ट्रात ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते. अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला. लग्न झालं पडावावर, गुजरातेत. गावात मांडव पडला नाही, वाजंत्री नाही, पत्रिका नाही. ग्रामपंचायतीने निरंक लिहिलं. त्यांनी खोटं लिहिलं असं म्हणणंही अवघड आहे, त्यांच्या हद्दीत लग्न झालंच नव्हतं. पण ती मुलगी त्यांच्याच हद्दीत राहते ना?

दवाखान्यातल्या १९ ची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे माझा राग थोडा उतरतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराच्या आतली गर्भवती आली की पोलिसांना कळवणं सक्तीचं. खरं वय लिहिलं की गुन्हा, नवरा आत, सासू-सासरे आणि आईबाप चौकशीला, आणि पुढच्या पाड्यावरची पोर दवाखान्यात येणंच बंद. आशाताईला त्याच पाड्यावर उद्या लसीकरणाला जायचं असतं. तिने "वय किती?" विचारलं, सोबतच्या बाईने "एकोणीस" सांगितलं, तिने तेच लिहिलं. तिला दोष देऊन काय होणार? खरं लिहिण्याची किंमत जो लिहितो त्यानेच मोजायची, असा हा कारभार आहे. कायद्याची सक्ती मोडा असं म्हणत नाही. पण असल्या वहीची बेरीज करून तिला जिल्ह्याची आकडेवारी म्हणू नका.

दुसरीकडचे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न १८ च्या आत झालं, त्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याच देशात २०२२ साली बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली नोंदलेले गुन्हे किती? १,००२. अख्ख्या भारतात. गुन्ह्यांचा आकडा म्हणजे पोलिसांपर्यंत पोचलेली प्रकरणं. त्यातही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची पद्धत अशी की एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असली तरी सगळ्यात जबर कलमाखाली एकदाच मोजायचं. म्हणजे आपल्या त्या मुलीचं वय खरं लिहून गुन्हा दाखल झाला असता, तरी तो पॉक्सोत मोजला गेला असता. बालविवाहाच्या रकान्यात ती तेव्हाही आली नसती.

सर्वेक्षणाला डोक्यावर घ्या असंही नाही. त्या फेरीत देशभरात साधारण ६ लाख ३७ हजार घरं होती, ७०७ जिल्हे. जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं, त्यात २० ते २४ वयाच्या बायका जेमतेम दीड-दोनशे. एवढ्या नमुन्यावर चाळीस टक्के हा आकडा सात-आठ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो. तालुक्याचा तर त्यातून काढताच येत नाही. अक्कलकुवा आणि नवापूर, शिरपूर आणि शिंदखेडा यांच्यात किती फरक आहे ते हे सर्वेक्षण सांगू शकत नाही. आणि २४ वर्षांच्या बाईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं असेल, तर ती नऊ वर्षांपूर्वीची खबर झाली.

उलटा घोळही होतो. मे २०२३ मध्ये भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून बिहारची ५९ मुलं उतरवली, मानवी तस्करीचे गुन्हे नोंदले, मदरशात शिकायला नेणाऱ्या माणसांना तुरुंगात टाकलं. पुढे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला असं म्हणून पोलिसांनीच ती प्रकरणं बंद केली. या ५९ मुलांची नोंद रेल्वे सुरक्षा बलाकडे, लोहमार्ग पोलिसांकडे, बाल कल्याण समितीकडे आणि निरीक्षणगृहाकडे अशी जागोजागी होते. प्रकरण बंद झाल्यावर "सुटका केलेली बालके" या बेरजेतून ती मागे जाऊन वजा करायची सोय कोणत्या तक्त्यात आहे? मूल एक, नोंदी चार, आणि चारही ठिकाणी वेगळा क्रमांक. एरवीच्या मुलांचंही तेच: शाळेत पेन हा विद्यार्थ्याचा क्रमांक, दवाखान्यात आरसीएच हा माता-बाल आरोग्याचा क्रमांक, अंगणवाडीत पोषण ट्रॅकर हे ॲप, ग्रामपंचायतीत जन्मनोंदीचा क्रमांक. आपल्या मुलीच्याही यातल्या तीन-चार नोंदी असणार, एकीला दुसरीची ओळख नाही.

सगळं एका क्रमांकाला जोडा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की अत्याचार झालेल्या मुलांची माहिती फुटली तर ती आयुष्यभराची जखम होते, ही भीती खरी आहे. पण जोडणी न करताही खूप काही करता येतं, आणि त्याला दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

पहिली गोष्ट, वय लिहिणं बंद करा. जन्मतारीख लिहा आणि शेजारी ती कशावरून घेतली ते लिहा: जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, की तोंडी. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलेलाच आहे: आधी शाळेचं किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या यादीत नाही. मग तालुक्याच्या कार्यालयात एका दुपारी तपासून बघा: बाळंतपणाच्या वहीत १७ किती, १८ किती, १९ किती. १७ जवळजवळ कोरं आणि १९ वर डोंगर दिसला, तर ती वही वयाची नाही, भीतीची आहे. शाळेच्या रजिस्टरात १ जूनला जन्मलेली मुलं किती तेही मोजा. गुरुजींनी दाखल करताना टाकलेली १ जून आपल्याकडे घराघरात आहे, त्यामुळे कायद्याने पहिला मानलेला पुरावासुद्धा काही महिने पुढेमागे असतो. जन्म २१ दिवसांत नोंदवला गेला तरच हे दुखणं मुळातून जातं. धडगावच्या वरच्या पाड्यावर घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद वर्षभर राहिली की पुढे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि त्यासाठी कोण रोज बुडवून तालुक्याला खेपा घालणार?

दुसरी, "निरंक" आणि "पाहिलं नाही" हे दोन वेगळे रकाने करा. आज ज्याने शोधलं आणि सापडलं नाही, ज्याने शोधलंच नाही, आणि ज्याचा अहवालच आला नाही, तिघांचंही शून्य होतं.

तिसरी, माझ्या मते सगळ्यात कामाची. गेल्या वर्षीच्या आठवीच्या मुलींची यादी जनरल रजिस्टरवरून काढा, हजेरीवरून नाही. तालुक्यातल्या सगळ्या शाळा एकत्र करून चिठ्ठ्या टाकून तीस-चाळीस नावं उचला. संक्रांतीच्या सुमारास, म्हणजे तोड ऐन भरात असताना, दुसऱ्या तालुक्याची माणसं घरी पाठवा. फक्त चार उत्तरं: शिकतेय, कामाला गेली, लग्न झालं, पत्ता लागला नाही. इथे हमखास चूक होते ती अशी की कुलूप दिसलं की सर्वेक्षक शेजारचं उघडं घर घेतो. कुलूप असलेलं घर हेच तर स्थलांतराचं घर! ते बदललं की सगळा आकडा बिनकामाचा. "पत्ता लागला नाही" हे उत्तर बेरजेत राहिलंच पाहिजे. आणि लग्नाचं मोजायचं तर १८-१९ वर्षांच्या सज्ञान मुलींना बिननावाच्या अर्जावर लग्नाचं वय विचारा. २४ पर्यंत थांबायचं कारण नाही, खबर ताजी मिळते.

अंगणवाडी सेविकांवर आणखी एक ॲप टाका असं मी कदापि म्हणणार नाही. २०२१ पासून त्या पोषण ट्रॅकर भरतायत, डोंगरात रेंज शोधत. आकांक्षित जिल्हा (केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेला) म्हणून नंदुरबारमध्ये १४ ते १८ च्या मुलीही त्यांच्या यादीत येतात, जळगाव-धुळ्यात त्या वयाच्या मुलीला तीही यादी नाही. स्थलांतराची नोंद ठेवायची प्रणाली राज्याने काढली आहे, ती चांगली आहे, हे मान्य. काही लग्नं गावोगावी थांबवली गेलीत, तेही मान्य. पण थांबवलेली लग्नं मोजतो तशी झालेली का मोजत नाही? जो तालुका वीस खरी प्रकरणं शोधून आणेल त्याला बैठकीत उभं करून झापलं जातं आणि निरंकवाल्याला गुलाबाचं फूल. असं असताना कोण शोधेल?

आता जनगणना येतेय. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ १ मार्च. त्या वर्षी होळी मार्चच्या २० तारखेनंतर. म्हणजे मोजणीच्या दिवसांत आपली सातपुड्यातली माणसं बारडोली, नवसारीच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत असणार. जिथे सापडेल तिथे मोजायचं हा जनगणनेचा नियम, तेव्हा गावातल्या प्रगणकाने कुलूप बघून पुढे जाणं चूक नाही. पण मग पडाव कुणाच्या मोजणीच्या गटात येतो? नंदुरबार, धुळे, जळगावच्या जिल्हा प्रशासनांनी आत्ताच मुकादमांकडून पडावांच्या जागांची यादी घ्यावी आणि सुरत, नवसारीच्या जनगणना अधिकाऱ्यांना लेखी द्यावी. भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी समजणारा माणूस सोबत द्यावा. लग्नाच्या वयाचा प्रश्न २०११ मध्ये होता, यावेळीही तो मुकादमाला न विचारता त्या बाईलाच विचारला जावा. आपल्यापैकी जे पंचायत समितीत, शिक्षण विभागात किंवा कारखान्यांच्या वाहतुकीत आहेत, त्यांनी आपल्या गावाचे मजूर कुठे उतरतात ती ठिकाणं खाली कमेंटमध्ये टाका. मजुरांची नावं नकोत, फक्त जागा. यादी एकत्र करून तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत अर्जासोबत देतोय.