कुंद्याची वाटणी

दिवेलागणीला बेळगावात घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "पप्पा, ह्यात अधिक करू की भागू?" गुणोत्तराचं शाब्दिक उदाहरण समोर आलं की पोरं वहीत बघत नाहीत, आईबापाच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतात. माझं म्हणणं एवढंच, की आधी चित्र काढा, चेहरे मग बघू.

'दोघा भावांनी ३:५ या प्रमाणात कुंदा वाटून घेतला. धाकट्याला २४० ग्रॅम जास्त मिळाला, तर एकूण कुंदा किती?' धाकट्यालाच जास्त का, हे पेपरात विचारत नाहीत. थोरला घरी विचारतो. पोरगं मात्र ३ आणि ५ मिळवून ८ करतं, २४० ला ८ ने भागतं आणि ३० लिहून पेन्सिल ठेवतं. 'एकूण भाग काढा' हे पाठ झालेलं असतं ना! पण २४० हा फरक आहे, एकूण नव्हे.

म्हणून वर थोरल्याचे तीन चौकोन, खाली धाकट्याचे पाच, डावी कड एका रेषेत. उजवीकडे खालचे दोन बाहेर डोकावतात. त्या दोन चौकोनांचे मिळून २४०, म्हणजे एक चौकोन १२० चा आणि आठ चौकोन ९६० ग्रॅमचे. किलोला चाळीस कमी भरतात, ते बहुधा वाटणाऱ्यानं चाखले.

घोळ होतो तो चौकोनांच्या मापात. हौशी चित्रकार थोरल्याचे चौकोन ऐसपैस काढतो, धाकट्याचे चिमुकले. दोन्ही पट्ट्या सारख्याच लांब होतात आणि फरक गायब! चौकटीची वही घ्या, एका भागाला दोन घरं, बस्स. भावांना मिशा काढायच्या नाहीत.

खरा घाम तिघांच्या वाटणीत फुटतो. खानापूरकडचा ७० किलो तांदूळ. थोरला आणि मधला २:३, मधला आणि धाकटा ४:५. पोरं बेधडक २:३:५ लिहून मोकळी होतात. अरे, मधला एकच, त्याचा तांदूळही तेवढाच. मग एकदा तीन चौकोन आणि एकदा चार कसे? कारण दोन चित्रांतले चौकोनच वेगवेगळ्या मापाचे. ३ आणि ४ चा लसावि १२, म्हणून मधल्याच्या पट्टीचे बारा तुकडे करा. पहिलं गुणोत्तर चौपट, दुसरं तिप्पट: ८:१२:१५. एकूण ३५ चौकोन, प्रत्येकी २ किलो. वाटण्या १६, २४, ३०.

आजोबांना हे चौकोन अजिबात पटत नाहीत. ते तोंडी उत्तर सांगतात, आणि पायऱ्या विचारल्या की बातम्यांचा आवाज वाढवतात.